आजोबांचं रंगखातं आणि अकरावीची केमिस्ट्री

प्रश्न: माझी मुलगी यंदा राज्य मंडळातून, सेमी इंग्रजीतून दहावी झाली. ९१ टक्के मिळाले. तिचे आजोबा लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. त्यांच्या गोष्टी ऐकून असेल, पण तिला केमिस्ट्रीच करायची आहे. माझा भाऊ म्हणतो आयबीला (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाला) घाला, तिथली केमिस्ट्री ‘खरी’ असते. क्लासवाल्यांनी इंटिग्रेटेडचा आग्रह धरलाय. मैत्रीण सीबीएसई सुचवते, कारण जेईई-नीट त्याच पुस्तकांवर असते म्हणे. मिस्टर म्हणतात, आपलं बोर्ड काय वाईट आहे? कर्ज काढावं लागलं तरी चालेल, पण तिचं नुकसान व्हायला नको. यातली सगळ्यांत चांगली केमिस्ट्री कुठली? – एक आई, भांडुप

ताई,

तुमच्या पत्रातलं कर्जाचं वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणून आधी तेवढंच सांगते: अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीसाठी कर्ज काढू नका. का, ते पुढे येईलच.

बावीस वर्षं मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली आणि या काळात राज्य मंडळ, सीबीएसई, आयबी आणि केंब्रिज अशा चारही बोर्डांची पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिली. गाभा एकच आहे. एका मोलमध्ये ६.०२२ × १०²³ कण भांडुपला असतात, तेवढेच जिनिव्हाला. अणुरचना, रासायनिक बंध, समतोल, विद्युतरसायन, अभिक्रियेचा वेग, कार्बनी संयुगं हे सगळीकडे शिकावंच लागतं. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, मुलीकडून रोज काय करून घेतलं जातं. दोन, बारावीनंतर कुठल्या दारापाशी ती आयती पोचते आणि कुठल्या दारासाठी तिला वेगळी मेहनत करावी लागते.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे. जेईई आणि नीटची भाषा एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसईत वापरतात त्या, पुस्तकांच्या जवळची असते, यात शंका नाही. पण अलीकडे अभ्यासक्रम कमी करताना एनसीईआरटीने बारावीच्या पुस्तकातून घनावस्था, पृष्ठरसायन, पी-ब्लॉक, पॉलिमर अशी प्रकरणं काढून टाकली आणि आता तिथे दहाच प्रकरणं उरली आहेत. गंमत पाहा, पी-ब्लॉक जेईई मेन आणि नीटच्या अभ्यासक्रमात आजही आहे. म्हणजे सीबीएसईच्या मुलालाही तो भाग बाहेरून वाचावाच लागतो. आपल्या बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात सोळा प्रकरणं आहेत: घनावस्था आहे, सोळा-सतरा-अठरा गणांची मूलद्रव्यं (म्हणजे पी-ब्लॉकचाच भाग) आहेत, पॉलिमर आहे, शेवटी हरित रसायन आणि नॅनोरसायनही आहे. अकरावीत तर विश्लेषणाच्या मूलभूत तंत्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे. क्रोमॅटोग्राफीने रंग वेगळे करणं तिथे येतं आणि तुमच्या लेकीला ते पहिल्याच महिन्यात आवडेल, असं मला वाटतं.

आणि एमएचटी-सीईटी, म्हणजे आपल्या राज्याची प्रवेश परीक्षा, या पुस्तकांवर बेतलेली असते. पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) गटात केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, चुकीला गुण कापत नाहीत. साधारण २० टक्के भार अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर. सीबीएसईची मुलं सीईटीला बसतात तेव्हा घनावस्थेसारखी प्रकरणं त्यांना शेवटच्या दोन महिन्यांत वेगळी करावी लागतात. राज्य मंडळाच्या मुलांनी जेईई द्यायची ठरवली तर त्यांना गणितं जास्त सोडवावी लागतात, कारण आपल्या बोर्डाच्या पेपरात अजूनही व्याख्या, कारणं द्या आणि समीकरणं यांनाच मान आहे. ही आपल्या बोर्डाची खरी कमजोरी आहे आणि ती मी लपवणार नाही. पाठ करून गुण मिळतात, त्यामुळे हुशार मुलगीही दोन वर्षं पाठ करत राहते.

आता भावाच्या ‘खऱ्या’ केमिस्ट्रीबद्दल. हा वाद तुमच्या घरात सुरू व्हायच्या कितीतरी आधीचा आहे. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत शाळांतलं विज्ञान नव्याने मांडायची धावपळ झाली आणि त्या काळात केमिस्ट्रीचे दोन पर्यायी अभ्यासक्रम पुढे आले. एकाचं नाव केम स्टडी. नोबेलविजेते ग्लेन सीबोर्ग त्याच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांचं म्हणणं, मुलांनी आधी प्रयोग करावा, दिसलं ते लिहावं, आणि त्यातून नियमाकडे जावं. दुसरा केमिकल बाँड अ‍ॅप्रोच. त्याचा रोख रासायनिक बंध या एका कल्पनेवर होता, ती पक्की झाली की बाकीची केमिस्ट्री तिच्यातून उलगडत न्यायची. माझं मत पहिल्याच्या बाजूला झुकतं, हे सांगून टाकते. पण दोन्ही मांडणाऱ्यांना एक गोष्ट मान्य होती: मुलाने स्वतः विचार केला पाहिजे, नुसतं आठवून लिहिता कामा नये.

आयबी आज तेच चांगल्या पद्धतीने करतं. २०२५ पासून ज्या नव्या अभ्यासक्रमाची परीक्षा सुरू झाली, त्यात सगळी केमिस्ट्री दोनच भागांत मांडली आहे: संरचना आणि अभिक्रियाशीलता. स्टँडर्ड लेव्हलला १५० तास, हायर लेव्हलला २४०. २० टक्के गुण मुलाने स्वतः प्रश्न शोधून केलेल्या संशोधनाला, त्याचा अहवाल ३००० शब्दांपर्यंत. आकडे आणि सूत्रांची पुस्तिका परीक्षेत हातात देतात, म्हणजे पाठांतराचं ओझं कमी. केंब्रिजच्या ए लेव्हलमध्ये पाच पेपर असतात. त्यातला एक प्रत्यक्ष प्रयोगाचा आणि एक फक्त प्रयोगाची आखणी आणि त्याची चिकित्सा यांचा. प्रयोगाची आखणी करायला लावणारा पेपर मला फार आवडतो. आपल्याकडे तो असता तर बरं झालं असतं, असं मी दरवर्षी म्हणत आले.

तरीही तुमच्या लेकीसाठी मी आयबी सुचवत नाही. मुंबईत त्याची फी वर्षाला काही लाखांत जाते, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं. आयबीची मे सत्राची परीक्षा आणि आपली सीईटी एकाच हंगामात, एप्रिल-मेमध्ये येतात. सहा विषय, चार हजार शब्दांचा निबंध, वर सीईटीचं सोळा प्रकरणांचं पुस्तक: हे सगळं सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलीवर दोन वर्षांत लादणं बरोबर नाही. परदेशात पदवीला जायचं हे ज्या घरात आधीच ठरलेलं असतं, त्यांना आयबी किंवा ए लेव्हल सरळ रस्ता आहे. इथेच शिकायचं असेल तर विषयांची जुळणी, इंग्रजीची अट आणि भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र ही कामं पालकांच्या मागे लागतात. तुमच्या भावाला हेतू चांगला असल्याबद्दल धन्यवाद द्या आणि हा विषय मिटवा.

इंटिग्रेटेडबद्दल मात्र मला जरा कळकळीने लिहायचंय. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, मूल दिवसभर क्लासात, आणि प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात. मी बाहेरची परीक्षक म्हणून एका कॉलेजात गेले होते. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन होतं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून प्रमाण मोजायचं. एका मुलीने ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचनळी, भरली, पण नॉझलमधला हवेचा बुडबुडा काढायचा असतो हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं, तर ती गडद जांभळा होईपर्यंत सोडत राहिली. जर्नल मात्र सुबक, सगळी रीडिंगं जुळलेली, दुसऱ्याचं पाहून उतरवलेली. त्या मुलीला पुढे सीईटीला छान गुण मिळाले असतील. पण तुमच्या मुलीसारखी, रंगासाठी केमिस्ट्रीकडे आलेली मुलगी असेल तर तिचा जीव तिथे गुदमरेल. बोर्डाच्या १०० पैकी ३० गुण प्रॅक्टिकलचे आहेत, म्हणून मी हे म्हणत नाही. गुलाबी आणि जांभळ्यामधला तो एक थेंब हातातून सोडल्याशिवाय हा विषय कळत नाही, म्हणून म्हणते.

तर माझं मत: राज्य मंडळच, पण कॉलेज निवडताना कटऑफच्या आधी प्रयोगशाळा पाहा. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरायच्या आधी भांडुप, मुलुंड, घाटकोपर, माटुंगा पट्ट्यातल्या चार-पाच कॉलेजांत लेकीला घेऊन प्रत्यक्ष जा. एका बॅचला किती मुलं असतात ते विचारा. एका टायट्रेशनला प्रत्येकाला स्वतंत्र ब्युरेट मिळते की चौघांत एक? सिंकमध्ये डाग आहेत का बघा. स्वच्छ कोरडं सिंक चांगलं लक्षण नाही. लॅब असिस्टंटशी दोन मिनिटं बोला, ते प्राचार्यांपेक्षा खरं सांगतात. लोकलच्या अर्ध्या तासाने कॉलेज लांब पडलं तरी चालेल, पण लॅब चालती हवी.

पाठांतराच्या धोक्यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. एनसीईआरटीची पुस्तकं नेटवर मोफत आहेत. बालभारतीचं प्रकरण संपलं की त्याच प्रकरणाचे एनसीईआरटीतले प्रश्न तिने सोडवायचे. सेमीमुळे विज्ञान ती इंग्रजीतूनच शिकली आहे, तरी सुरुवातीचे तीन महिने नव्या इंग्रजी शब्दांनी दमछाक होईल. एक छोटी वही करून शब्द आणि त्याचा अर्थ शेजारी लिहू द्या. दिवाळीपर्यंत ती वही लागेनाशी होते, हा माझा अनुभव आहे. तिला रस टिकला तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या रसायन ऑलिंपियाडचे जुने पेपर दाखवा. २००१ साली आंतरराष्ट्रीय रसायन ऑलिंपियाड मुंबईतच झालं होतं. पहिली फेरी पार झाली नाही तरी ते प्रश्न वाचताना केमिस्ट्री किती देखणी असू शकते, ते तिला दिसेल.

आणि पुढचं दार? ते तर तुमच्या घरापासून मध्य रेल्वेवरच आहे. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, जिला जुने लोक अजून यूडीसीटी म्हणतात, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. कापडाचं रसायन तिथे पहिल्यापासून शिकवलं जातंय; गिरण्यांच्या शहराला त्याची गरजच होती. तंतू आणि कापड प्रक्रियेचा बीटेक तिथे आजही आहे, आणि प्रवेश सीईटी व जेईई मेन दोन्हींतून होतो. तिला इंजिनीअरिंग नको, शुद्ध केमिस्ट्री हवी असं बारावीत वाटलं, तर कलिन्याला मूलभूत विज्ञानाच्या सेंटरमध्ये पाच वर्षांचं एमएस्सी आहे, त्याला नेस्ट परीक्षा लागते. पुण्याला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. यातलं काहीही राज्य मंडळामुळे बंद होत नाही. गणित मात्र सोडू देऊ नका. ‘मला केमिस्ट्रीच करायची, गणित कशाला’ असं म्हणणारी मुलं बारावीत थर्मोडायनॅमिक्सपाशी अडतात.

कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे, आणि घरात रंगखात्यातला माणूस आहे. आजोबांना विचारा, रंग पक्का कसा करायचे. मग सुती पंचाचे चार तुकडे घ्या. एक नुसत्या हळदीच्या पाण्यात, एक आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून मग हळदीत, एक हळदीत रंगवून चुन्याच्या निवळीत बुडवलेला. हळद-चुन्याचं कुंकू कसं होतं, ते तिसऱ्यावर दिसेल. चौथा कोरा ठेवा, तुलनेसाठी. तिन्ही रंगवलेले तुकडे एकाच साबणाने, सारख्याच वेळा धुवायचे आणि रोज काय दिसलं ते तारीख घालून लिहायचं. लिहायचं तिने, मत द्यायचं आजोबांनी. ती वही घेऊन दोघंही एकदा माझ्याकडे आले तर मला फार आवडेल.