बचावफळीमागची मोकळी जागा

प्रश्न : आमचा फुटबॉल संघ बचावफळीच्या मागे टाकलेल्या लांब पासवर सतत गोल खातो. प्रशिक्षक दर सामन्याला सेंटर-बॅक (बचावफळीच्या मधले बचावपटू) बदलतात, तरी तेच. फार चीड येते. चूक कुणाची?

उत्तर : चीड रास्त आहे, पण रोख बचावपटूंवर नको. पुढच्या सामन्यात समोरच्या संघातल्या पास देणाऱ्याकडे बघा. त्याच्या अंगावर कुणी जात नसेल, मान वर करून बघायला त्याला वेळ मिळत असेल, तर बचावफळीतल्या चौघांनी मध्यरेषेजवळ उभं राहणं म्हणजे आमंत्रणच. अशा वेळी पास सुटण्याआधीच चौघांनी एकदम पाच-सात मीटर मागे सरकायचं. चेंडूवर दबाव आला की पुन्हा पुढे. एकटा फुलबॅक (कडेचा बचावपटू) मागे रेंगाळला तरी ऑफसाइडचा सापळा, म्हणजे सगळ्यांनी एका रेषेत पुढे राहून समोरच्या आक्रमकाला नियमबाह्य जागी पकडण्याचा डाव, फसतो. हा ताळमेळ सरावातच बसतो आणि सतत जोड्या बदलणारे प्रशिक्षक तो बसूच देत नाहीत.