हूफ बूट फिरतोय? पट्टा आवळण्याआधी माप परत घ्या

प्रश्न : आमची मारवाडी घोडी आहे, आठ वर्षांची. नाल काढून अनवाणीच ठेवलीय. शेतातल्या मातीत काही त्रास नाही, पण खडीच्या रस्त्यावर पाय टाकताना बिचकते म्हणून पुढच्या दोन पायांसाठी बाहेरून रबरी हूफ बूट (नालेऐवजी खुरावर चढवायचे, काढता-घालता येणारे बूट) मागवले. खुराची रुंदी 108 मिमी आणि लांबी मागच्या मऊ गोळ्यांपर्यंत 130 मिमी भरली, त्याच मापाचे घेतले. सपाटीवर ठीक चालते पण उतारावर डावा बूट फिरतो आणि टाचेवर घासून केस गेलेत. पट्टा अजून घट्ट करू का, की एक साइज मोठा घेऊ म्हणजे घासणार नाही? – एक वाचक, वाई

उत्तर : दोन्ही नको. पट्टा बूट जागेवर धरायला मदत करतो, पण मुळात बूट टिकतो तो खुराला सगळीकडून नीट बसल्यामुळे. आत मोकळी जागा असेल तर पट्टा कितीही आवळा, खूर आत सरकणारच, वर पट्ट्याखालची कातडीही सोलून निघेल. आणि मोठा बूट घेतलात तर तो जास्त फिरेल, जास्त घासेल.

तुमच्या पत्रातच कारण दिसतंय. लांबी मागच्या गोळ्यांपर्यंत मोजायची नसते. पाय उचलून तळवा बघा, खुराची कडक भिंत टाचेशी जिथे संपते आणि जमिनीला टेकते, पुढच्या टोकापासून तिथपर्यंतचं अंतर ती लांबी. मऊ गोळे त्याच्या मागे आणि वर असतात, ते धरले की माप सहज सेंटीमीटरभर वाढतं, कधी त्याहून जास्त. म्हणजे तुमचा बूट बहुतेक लांब झालाय, म्हणून उतारावर खूर पुढे सरकतो, मागे पोकळी होते आणि बुटाची मागची कड वरखाली घासत राहते.

रुंदी सगळ्यात रुंद जागी आडवी मोजा. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा, कारण एक खूर जरा उभा आणि अरुंद, दुसरा पसरट असं खूप घोड्यांत असतं. डावाच फिरतोय म्हणजे तिथे हेही असू शकतं. आणि माप खूर तासल्यावर लगेच, एकदोन दिवसांत घ्या. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिमी वाढतो, कडा बाहेर फाकलेल्या असतील तर रुंदी खोटीच जास्त येते, त्या मापाने घेतलेला बूट तासल्यावर ढिला पडतो.

आता हातातल्या बुटाची परीक्षा करा. खुरावर बाहेरून खडूची पूड चोळा, बूट चढवा, पुढचं टोक रबरी हातोडीने हलकं ठोका म्हणजे खूर पुढे पूर्ण बसेल, मग पाच-दहा पावलं चालवून बूट काढा. पूड जिथे पुसली गेली तिथे बूट टेकतोय, जिथे तशीच राहिली तिथे पोकळी आहे. परत घालून पाय उचला आणि दोन्ही हातांनी बूट पिळून बघा, किंचित हलला तर चालेल पण सहज फिरला तर नाही. वरच्या पट्ट्यात एक बोट सरकलं पाहिजे.

पोकळी थोडी असेल तर साइज बदलायची गरज नाही. उंचीत मोकळं असेल तर आत 6 मिमीचा फोम पॅड टाका, खडीवर तळव्यालाही आराम मिळतो. बाजूंना जागा असेल तर खुराच्या भिंतीवर कापडी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या. पण आत कापडाच्या चिंध्या कोंबू नका, त्या गोळा होऊन तळव्याला टोचतात आणि घोडी लंगडायला लागते. लांबीच जास्त असेल तर मात्र यातलं काही चालणार नाही, लहान साइज किंवा अरुंद साच्याचा बूट घ्या. साइज चार्ट कंपनीगणिक वेगळा असतो तो नीट बघा.

सगळ्यात आधी ती टाच बरी होऊ द्या. जखम साफ आणि कोरडी ठेवा, केस येईपर्यंत बूट नको, सूज किंवा पू दिसला तर डॉक्टरला दाखवा. नंतर नवीन फिटिंगवर घराजवळच 15-20 मिनिटं चालवा, थोडी दुडकी, थोडा उतार, आणि लगेच बूट काढून हात फिरवून बघा कुठे गरम किंवा ओलं लागतंय का. राईड झाली की बूट काढायचे, धुवून वाळवायचे. पावसाळ्यात तर हे पाळाच, ओलसर बुटात तळवा कुजतो आणि त्याचा वास सहज जात नाही. दर दोन आठवड्यांनी खुराच्या कडा कानशीने जरा गोल करून घेतल्या तर पुढची तासणी येईपर्यंत बूट घट्ट होत नाही.

प्रश्न : माथेरानला माझे घोडे पर्यटकांसाठी चालतात. पेव्हर ब्लॉकवर पावसात घसरतात. नालेवरूनच बूट घातले तर? – एक घोडेवाला

उत्तर : दादा, नालेवरून नको. बहुतेक बूट अनवाणी खुरासाठी बनवलेले असतात, नाल आतून रबर कापते आणि फिटिंगही बिघडतं. ओल्या दगडावर लोखंडापेक्षा रबर बरं धरतं हे खरं, पण शेवाळ असेल तर तेही घसरतं आणि लाल चिखलाने खाचा भरल्या की पकड जाते. नाल काढून बूट घालायचे म्हटलं तरी वर्षानुवर्षं नाल असलेल्या घोड्याचा तळवा घट्ट व्हायला काही महिने लागतात, सीझनमध्ये हा प्रयोग करू नका. आत्तापुरतं नालबंदाला विचारून टंगस्टन कार्बाइडचं टोक असलेले खिळे नालेत मारून घ्या, दोन्ही बाजूंना सारखे, नाहीतर पाय वाकडा पडतो.