लंडन: मोठ्या फर्मचं नाव की शिपिंगचं काम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत चार वर्षं अ‍ॅडमिरल्टीचं, म्हणजे समुद्री दाव्यांचं, काम केलंय, एसक्यूईचे (इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्याच्या परीक्षेचे) दोन्ही टप्पे पास झालात आणि हातात दोन ऑफर आहेत. एक ‘मॅजिक सर्कल’मधल्या, म्हणजे लंडनच्या पाच बड्या वकिली फर्मपैकी एकीचं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट (दोन वर्षांची उमेदवारी), दोन वर्षांनी सुरू होणारं. दुसरी शिपिंगचे दावे चालवणाऱ्या एका मध्यम वकिली फर्मची, लगेच सॉलिसिटर म्हणून, ७२,००० पौंडांवर. घरचे म्हणतात नाव बघ, तुमचं मन जहाजांकडे.

आधी एक गैरसमज काढून टाका. भारतातली सनद असल्यामुळे तुम्ही एसआरएच्या, म्हणजे सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या लेखी ‘क्वालिफाइड लॉयर’ आहात. इतरांना लागतो तो दोन वर्षांच्या कामाचा अनुभव तुम्हाला दाखवावा लागत नाही. म्हणजे सॉलिसिटर होण्यासाठी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टची गरजच नाही. तो फक्त त्या एका फर्ममध्ये शिरण्याचा दरवाजा आहे. त्यातही मधल्या दोन वर्षांत तुम्ही सॉलिसिटर म्हणून नाव नोंदवलंत, तर ती फर्म तुम्हाला ट्रेनी म्हणून घेईल का, हे लेखी विचारा. बऱ्याच फर्मना हे चालत नाही.

आता आत गेल्यावर काय होतं ते बघू. दोन वर्षं, बहुधा सहा-सहा महिन्यांच्या चार सीट, म्हणजे वेगवेगळ्या विभागांतल्या पाळ्या. त्यातल्या एक-दोन कॉर्पोरेट आणि फायनान्समध्ये जवळपास ठरलेल्याच, कारण फर्मची कमाई तिथून येते. तुम्ही पसंती कळवता, वाटप एचआर करतं. शेवटच्या सीटमध्ये कोणत्या विभागात किती जागा आहेत याची यादी निघते आणि सगळे ट्रेनी एकमेकांविरुद्ध अर्ज करतात. या पाच फर्ममध्ये जहाजांच्या रोजच्या भांडणांचं काम मुख्य नाही. शिपिंगची सीटच नसेल तर शेवटच्या यादीत ती जागा येणार कुठून? तुमच्या पसंतीला सर्वांत जवळचं म्हणून आंतरराष्ट्रीय लवाद मिळेल, आणि तिथे जागा एक-दोन, इच्छुक बरेच.

कामातला फरक एका फाइलवरून दाखवतो. मुंद्र्याबाहेर नांगरलेलं कोळशाचं जहाज. कप्तानाने नोटिस ऑफ रेडिनेस, म्हणजे जहाज तयार असल्याची सूचना, दिली, पण धक्का मिळाला सहा दिवसांनी. ले-टाइम, म्हणजे माल चढवायला-उतरवायला ठरलेला वेळ, नांगर टाकल्या जागी सुरू झाला की धक्क्याला लागल्यावर? चार्टरपार्टीत (जहाज भाड्याने घेण्याच्या करारात) धक्का मिळो न मिळो नोटिस चालेल असं कलम आहे का? स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स, म्हणजे बंदरातल्या घडामोडींची नोंद, तासागणिक वाचायचं, पावसाने थांबलेले तास वजा करायचे. समजा डेमरेज, म्हणजे जादा लागलेल्या वेळेचा आकार, निघाला ५ दिवस ६ तास, दर रोजचा १८,००० डॉलर. दावा ९४,५०० डॉलरचा. एलएमएएच्या (लंडनच्या सागरी लवादांच्या संघटनेच्या) स्मॉल क्लेम्स पद्धतीची नेहमीची मर्यादा १ लाख डॉलर आहे, म्हणजे लवाद एकच, खर्चाला कमाल मर्यादा, तोंडी सुनावणी बहुधा नाही. एवढ्याशा फीमध्ये पार्टनरला स्वतः फाइल चालवणं परवडत नाही, म्हणून ती पहिल्याच वर्षी ज्युनियरकडे येते. पत्रव्यवहार तुमचा, युक्तिवाद तुमचा, चूकही तुमची. आणि चूक होते ती बहुतेक वेळा मुदतीत: अनेक टँकर चार्टरपार्टींत डेमरेजचा दावा सगळ्या कागदांसकट ९० दिवसांत गेला नाही की संपला.

मोठ्या फर्मच्या फायनान्स सीटमध्ये ट्रेनीचं काम म्हणजे कर्ज वितरणाआधीची यादी सांभाळणं: संचालक मंडळाचे ठराव, सह्यांचे नमुने, कायदेशीर अभिप्राय, गहाणाची नोंदणी. एक सही राहिली की रात्री दोनपर्यंत बसायचं. याने शिस्त लागते, ते कमी लेखू नका. पण दोन-तीन वर्षांनी पी अँड आय क्लबकडे, म्हणजे जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्थेकडे, किंवा शिपिंग फर्मकडे गेलात, तर समोरचा विचारणार की किती दावे स्वतः चालवले. तिथे फर्मच्या पाटीला फारसा भाव नाही. अशा क्लबांच्या इंटरनॅशनल ग्रुपमधले १२ क्लब जगातल्या समुद्रगामी टनेजच्या सुमारे ९० टक्क्यांचा विमा सांभाळतात. कामाचा मोठा ओघ त्यांच्याकडून येतो आणि त्यांचे क्लेम्सवाले वकिलांना नावानिशी ओळखतात.

पैशाचं गणित घरच्यांना मांडून दाखवा. ७२,००० वर प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून हातात महिन्याला साधारण ४,३५० पौंड येतात, पेन्शनची वर्गणी धरलेली नाही. ट्रेनीचा पगार पहिल्या वर्षी सुमारे ५६,००० धरला तर ३,५८०. ट्रेनिंग संपल्यावर मोठ्या फर्मच्या नव्या सॉलिसिटरला मिळणारे ते गाजलेले १,५०,००० हातात पडताना होतात ७,६०० च्या आसपास, कारण १ लाखापुढे करमुक्त रक्कम आटत जाते आणि १,२५,१४० पर्यंतच्या टप्प्यात प्रत्यक्ष कर ६० टक्के बसतो. ७२,००० च्या तुलनेत पगार दुपटीहून जास्त, हातातला पैसा पावणेदोन पट. शिवाय तो चार वर्षांनी: दोन वर्षं वाट, दोन ट्रेनी म्हणून, पाचव्या वर्षी पहिला मोठा पगार, तोही तेव्हा जागा मिळाली तर.

मध्यम फर्मचा खरा धोका पगाराचा नाही, व्हिसाचा आहे. शिपिंगमधली मोठी नावंही बुडाली आहेत. इन्स ग्रुप ही वकिली फर्म एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेली. व्हिसाचा स्पॉन्सर, म्हणजे नोकरी देणारी फर्म, गेला की होम ऑफिसच्या पत्रानंतर साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधावा लागतो. म्हणून सही करण्याआधी कंपनीज हाउस या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर त्या एलएलपीचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब फुकट बघा. बँकेचं कर्ज वाढतंय का, हिशेब उशिरा भरलेत का, पार्टनर भराभर बाहेर पडलेत का. शेवटचं लक्षण सर्वांत बोलकं.

स्किल्ड वर्कर व्हिसाला वर्षाला ४१,७०० पौंड आणि त्या व्यवसायाचा ठरलेला दर यांपैकी जास्त असेल तो पगार लागतो. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तोही पूर्ण मुदतीचा एकदम भरायचा. फर्म देणार का हे विचारा. इमिग्रेशन स्किल्स चार्ज मात्र मालकानेच भरायचा असतो, तो तुमच्या पगारातून कापायची भाषा कुणी केली तर तिथेच थांबा. कायम वास्तव्याची पाच वर्षांची अट लांबवण्याच्या हालचाली चालू आहेत, तेव्हा पाचाचं गणित गृहीत धरू नका.

माझं मत शिपिंग फर्मच्या बाजूने आहे. दोन परिस्थितींत उलटं सांगेन: जहाज खरेदीच्या कर्जांच्या कामात, म्हणजे शिप फायनान्समध्ये, तुमचा जीव रमत असेल तर, किंवा समुद्राचं आकर्षण मुळात चेंबरमधल्या सिनिअरमुळे असेल तर. दुसरी गोष्ट कबूल करायला वेळ लागतो.

शिपिंग फर्मला होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. मुंबईतल्या चार वर्षांपैकी किती वर्षं पीक्यूई, म्हणजे वकील झाल्यानंतरचा अनुभव, म्हणून धरणार. शून्य धरत असतील तर दोन तरी मागा, कारण पुढची प्रत्येक पगारवाढ त्या आकड्यावर ठरते. क्लबमध्ये सेकंडमेंट, म्हणजे तात्पुरती नेमणूक, मिळते का आणि कितव्या वर्षी. राजीनाम्याची मुदत किती, आणि त्यांनी भरलेल्या व्हिसा खर्चाची वसुली किती काळ लागू.

निघण्याआधी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून गुड स्टँडिंगचा दाखला घ्या. एसआरएला तो ताजा लागतो आणि लंडनहून मागवताना घरातल्या कुणाला तरी हेलपाटे घालावे लागतात. पूर्णवेळ पगारी नोकरी धरल्याचं बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्या, आणि त्या अर्जाची पोचपावती जपून ठेवा. परत येऊन फोर्टमधल्या हायकोर्टात उभं राहायचं झालं तर पहिली तीच मागतील.