वाचकांचे प्रश्न : वल्गुलीची पेटी रिकामी का राहते?

प्रश्न : वल्गुलीसाठी (म्हणजे टिट, पोकळीत घरटं करणारा छोटा पक्षी) लाकडी पेटी लावून दोन हंगाम झाले. पहिल्या वर्षी चिमण्यांनी ती बळकावली. यंदा वल्गुली डोकावून गेली, पण राहिली नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : आधी पेटीचं आत शिरायचं भोक मोजा. ३२ मिमीच्या भोकातून घरचिमणी सहज आत शिरते. युरोपातल्या निळ्या वल्गुलीला २५ मिमी पुरतं, मोठ्या वल्गुलीला २८. अमेरिकेतल्या चिकडीलाही (वल्गुलीच्याच कुळातला पक्षी) २८च्या आसपासचंच लागतं. हे तीन-चार मिलिमीटर क्षुल्लक वाटतात, पण पेटी कोणाची होणार ते त्यांवरच ठरतं. मोठं झालेलं भोक नवी फळी न घालताही सुधारता येतं. योग्य मापाचं भोक असलेला धातूचा पत्रा त्यावर ठोका. सुतारपक्षी भोक कोरून वाढवतो, त्यालाही या पत्र्यानं आळा बसतो.

पक्षी डोकावून परत गेला, तर पेटीची खोली तपासा. भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत किमान १२५ मिमी अंतर हवं. ते कमी असलं की मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोचतो. फळी १५ मिमी तरी जाड घ्या, पातळ लाकूड उन्हात लगेच तापतं. आतली बाजू रंधून गुळगुळीत करू नका. केली असेल, तर भोकाखाली आडव्या खाचा पाडा, नाहीतर पिल्लांना वर चढताना पकड मिळत नाही. तळाला निचऱ्यासाठी चार बारीक छिद्रं पाडा. आतून रंग किंवा वॉर्निश लावू नका. बाहेर बसायला काडी लावली असेल तर काढून टाका. वल्गुलीला तिची गरज नसते, शिकाऱ्याला मात्र आयता आधार मिळतो.

पेटी दोन ते चार मीटर उंचीवर, दुपारचं ऊन आणि पावसाची झड टाळून लावा. हंगाम संपला आणि पक्षी ये-जा करत नाहीत याची खात्री झाली, की जुनं घरटं काढून पेटी उकळत्या पाण्यानं धुवा. पिसवा त्या घरट्यातच दडून राहतात. कीटकनाशक अजिबात वापरू नका.

चिकडीला मात्र स्वतः पोखरायला आवडतं. तिच्या पेटीत लाकडाचा भुसा भरून ठेवा. तो ती चोचीनं बाहेर काढते.

प्रश्न : दाणे ठेवले की वल्गुली एकेक उचलून पळतात, तिथेच खात का नाहीत?

उत्तर : वल्गुली दाणा पायाखाली दाबून चोचीनं फोडते, त्यासाठी तिला फांदी लागते. चिकडी आणि कोळसा वल्गुली (वल्गुलीची आणखी एक जात) दाणे सालीच्या फटींत लपवतात आणि पुढे त्या जागा आठवून परत येतात. निळी आणि मोठी वल्गुली असा साठा करत नाहीत. विणीच्या काळात अख्खे शेंगदाणे मोकळे ठेवू नका, पिल्लांच्या घशात अडकतात. जाळीत ठेवले की पक्ष्याला तुकडे तोडूनच न्यावे लागतात.

प्रश्न : चिकडीच्या ‘चिक-अ-डी-डी’ या हाकेत कधी दोन ‘डी’ असतात, कधी बरेच. का?

उत्तर : बसलेला शिकारी जितका धोकादायक, तितके ‘डी’ जास्त. छोटं चपळ घुबड दिसलं की ते वाढतात. मोठं शिंगी घुबड इतक्या लहान पक्ष्याला सहसा पकडू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी कमी. ही हाक ऐकून आसपासचे इतर पक्षीही शिकाऱ्याभोवती जमतात. ‘डी’ वाढले की आजूबाजूच्या फांद्या नीट पाहा.