यंत्राला व्यवहारज्ञान शिकवायचंय, शाखा कोणती घेऊ?

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे. गणित बरं जमतं, पण खरी ओढ भाषेची. चॅटबॉटशी बोलताना वाटतं, याला सगळं ठाऊक आहे, पण साध्या गोष्टीत तो फसतो. त्याला व्यवहारज्ञान शिकवण्याचं काम असतं का? बाबा म्हणतात, त्यासाठी इंजिनिअरिंगच हवं. शिवाय मी शिकून बाहेर पडेपर्यंत हे काम उरेल का?

उत्तर : काम असतं, आणि ते जुनं आहे. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९५९ मध्येच व्यवहारज्ञान असलेल्या प्रोग्रॅमची कल्पना मांडली होती. १९८४ मध्ये डग्लस लेनाट यांनी अमेरिकेत ‘साइक’ प्रकल्प सुरू केला. जगाविषयीच्या साध्यासुध्या गोष्टी तज्ज्ञांनी एकेक करून तर्काच्या भाषेत लिहायच्या, असा तो खटाटोप. कित्येक दशकं लिहूनही यादी संपेना. (आपण ‘सामान्यज्ञान’ म्हणतो ते राजधान्या पाठ करण्याचं. हे नेमकं उलटं : जे कुणी पाठ करत नाही, ते.)

आताची यंत्रं प्रचंड मजकूर वाचून बरंच काही आपसूक उचलतात. पण माणसं लिहितात ते वेगळेपण. अमक्याचा पाय मोडला, हे लिहितात. माणसाला दोन पाय असतात, हे कोण कशाला लिहील?

आता तुझ्या भाषेच्या ओढीकडे येते. हेक्टर लेव्हेक या संगणकशास्त्रज्ञांनी त्याच क्षेत्रातल्या टेरी विनोग्राड यांच्या नावाने एक कसोटी सुचवली : वाक्यातलं ‘तो’, ‘ती’ कुणासाठी आलंय, ते यंत्राने ओळखायचं. तिच्यातल्या एका प्रसिद्ध वाक्याच्या धर्तीवर मराठीत लिहून बघ : ‘चषक पेटीत मावला नाही, कारण तो फार मोठा होता.’ मोठं काय? ‘तो’ म्हटल्याबरोबर उत्तर फुटलं, कारण पेटी ‘ती’ असते. कसोटी बाद! पेटीऐवजी डबा घे, म्हणजे आकाराचा विचार केल्याशिवाय सुटका नाही. मग ‘मोठा’च्या जागी ‘लहान’ टाक, उत्तर चषकावरून डब्यावर जाईल. भाषांतरात ही मेख हमखास निसटते, आणि ती पकडायला भाषा हाडामांसी भिनलेलं माणूस लागतं. मूळ इंग्रजी कसोटीत २०१९ च्या सुमारास यंत्रांनी ९० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. तरी शहाणपण आलं, असं अभ्यासक मानेनात; वाक्यांतले छुपे दुवे हेरूनही गुण मिळतात, असं दिसलं. त्यामुळे नव्या, चलाख कसोट्या रचणं हेच मोठं काम होऊन बसलंय. ते इतक्यात संपेल, असं मला तरी वाटत नाही.

बाबांचं अर्धं बरोबर आहे. प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र आणि तर्कशास्त्र यांना पर्याय नाही. पण ते इंजिनिअरिंगमधूनच यायला हवं, असं नाही. भाषाशास्त्राची पदवी आणि सोबत नेटाने शिकलेलं पायथन, किंवा संगणकशास्त्र आणि पुढे भाषाशास्त्रात पदव्युत्तर, दोन्ही वाटा चालतील. तुझं गणित बरं असेल तर मी दुसरी सुचवेन. गणित नंतर एकट्याने शिकणं जास्त जड जातं. आणि ‘एआय ट्रेनर’ नावाखाली यंत्राला शिकवायच्या मजकुराला नुसती लेबलं लावण्याची कामं मिळतील. महिना-दोन महिने जरूर कर, डोळे उघडतात; त्यावर करिअर मात्र बेतू नकोस.

परीक्षा झाली की चषक-डब्यासारख्या पन्नास मराठी जोड्या स्वतः रच. दोन-तीन चॅटबॉटना विचार, कोण कुठे अडखळलं ते टिपून ठेव आणि ती वही बाबांना दाखव.