आधी ठोका, मग उपटा

प्रश्न : नारायण पेठेतला आमचा वाडा पाडला. कडीपाटाच्या वीसेक सागवानी फळ्या मी वाचवल्या, जेवणाचं टेबल करायचंय. पण खिळे निघत नाहीत. माथी तुटतात, फळी सोलून निघते. सुतार म्हणतो, भंगारात द्या. काय करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : देऊ नका हो! सुताराचंही चूक नाही म्हणा, एक खिळा राहिला की त्याच्या मशीनचं पातं गेलंच. मी स्वतः हे केलंय. ‘सगळे काढलेत’ असं छातीठोक सांगून फळी रंध्याला दिली. कट्ट आवाज आला, पात्याला खाच पडली आणि पुढच्या प्रत्येक फळीवर एक उभी रेघ. पैसे अर्थात मी भरले. तेव्हापासून जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून सावकाश फिरवतो. खिळा असला की ते तिकडे ओढ घेतं. तिथे लगेच खडूची फुली.

आता काढायचं कसं? ओढू नका, आधी ठोका. गंजलेला खिळा लाकडाला चिकटून बसलेला असतो. माथ्यावर एकच बेताचा टोला द्या, तो केसभर आत जाऊ दे. ती पकड सुटली की ‘कुर्रर्र’ असा आवाज करत तो वर यायला लागतो. फळीच्या मागून टोक बाहेर आलं असेल तर ते सरळ करून तिकडूनच ठोकलेलं उत्तम. जंबुराखाली, म्हणजे खिळे उपटायच्या पकडीखाली, लाकडाची पातळ चीप ठेवा, नाहीतर सागावर अर्धचंद्र उमटतो आणि तो कायमचा.

तुमच्या फळ्यांत लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे असतील तर नशीबवान आहात. ते खाली निमुळते होत जातात, एकदा हलले की सुटतात. कारखान्यातले गोल खिळे टोकापर्यंत एकाच जाडीचे, ते शेवटपर्यंत भांडतात. हट्टी खिळ्याच्या माथ्याला तापलेलं सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा. लोखंड फुगतं, निवताना आकसतं आणि गंजाची पकड ढिली होते. रॉकेल, तेल ओतायला अनेकजण सांगतील. ओतू नका, पुढे तिथे पॉलिश धरत नाही.

माथं तुटलंच तर पटाशीने भोवती खणून जंबूर घाला. नाहीच जमलं तर पंचाने (बोथट टोकाच्या लोखंडी हत्याराने) खिळा आत दाबून वर सागाचीच गुल्ली बसवा, पण सुताराला ती जागा दाखवून ठेवा. डोळ्यांना चष्मा, पायात बूट हवेतच. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवा.

भोकाभोवतीचा काळा डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनची करणी. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने फिका होतो. ते विषारी असतं, हातमोजे घाला. मी तर ते डाग तसेच ठेवतो.

आणि सरळ निघालेले चौकोनी खिळे टाकू नका. माझ्याकडे श्रीखंडाच्या डब्यात शंभरेक आहेत, आणखी चालतील.