फाइल कोणाची, पैसे कोणाचे

प्रिय बाळ,

तुझी लांबलचक मेल वाचली. कोल्हापुरात मुलांना परदेशी शिकायला पाठवणाऱ्या एजंटाच्या ऑफिसात काउन्सेलर म्हणून लागलीस, पहिल्याच महिन्यात टार्गेट हातात पडलं आणि आता कागलच्या त्या मुलाच्या फाइलवरून बॉसशी खटका उडालाय. मुलाला जर्मनीला जायचंय, बॉस म्हणतात ब्रिटन दाखव. माझं काही चुकतंय का, असं विचारलंस. चुकत नाहीये. पण बॉस ब्रिटन का म्हणतात हे तुला आकड्यांसकट ठाऊक हवं, नाहीतर तू नुसतीच भांडत बसशील.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथली बरीच विद्यापीठं एजंटाला मुलाच्या पहिल्या वर्षाच्या फीतला काही टक्के हिस्सा देतात. समज फी १८,००० पौंड आणि कमिशन १५ टक्के, तर एका मुलामागे २,७०० पौंड झाले. तीन लाखांच्या घरात गेलं ते. जर्मनीची सरकारी विद्यापीठं एजंटाला दमडी देत नाहीत. बहुतेक ठिकाणी फीच नाही, तर हिस्सा कशातून काढणार? बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात परदेशी मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली, पण हे अपवाद. म्हणून आपल्या ऑफिसांत जर्मनीचं नाव काढलं की एकतर नाकं मुरडतात, नाहीतर तिथल्या एखाद्या खासगी संस्थेचं चकचकीत ब्रोशर पुढे सरकवतात. खासगीवाले कमिशन देतात ना!

कमिशन घेण्यात पाप नाही. ऑफिसचं भाडं आणि तुझा पगार त्यातूनच निघतो. ते लपवण्यात मात्र आहे. पहिल्याच बैठकीत आई-वडिलांना सरळ सांगायचं, की या विद्यापीठात मुलगा गेला तर ते आम्हाला पैसे देतील, जर्मनीला गेला तर कोणी देणार नाही, त्या कामाची फी आम्ही तुमच्याकडून घेऊ. बॉसना वाटतं हे ऐकून गिऱ्हाईक पळेल. अगं, मार्केट यार्डात गूळ घालणाऱ्या माणसाला अडत कशी कापतात ते आपल्याहून चांगलं कळतं. उलट समोरची माणसं त्यानंतरच मोकळेपणी बोलायला लागतात, घरात खरोखर किती पैसा आहे तेही सांगतात.

शिष्यवृत्तीचंही तेच. तिच्यावर कमिशन नसतं म्हणून ऑफिसात तो विषय निघत नाही. अनुसूचित जातीतल्या मुलांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा समाजातल्या मुलांसाठी सारथीची आहे. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती नसती तर १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोचले असते का? मूल पात्र असेल तर जाहिरात कधी निघते, विद्यापीठाच्या क्रमवारीची अट काय, उत्पन्नाचा दाखला कुठल्या वर्षाचा लागतो, हे तू शोधून द्यायचंस. त्यात आपल्याला एक रुपया सुटणार नाही, तरीही.

आता त्या मुलाची फाइल बघू.

सीजीपीए दहापैकी ७.८. जर्मन गुणपद्धतीत १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले गुण त्यात बसवायला बव्हेरियन सूत्र म्हणून प्रसिद्ध असलेलं सूत्र वापरतात. जास्तीत जास्त गुणांतून मिळालेले वजा कर, जास्तीत जास्तमधून पास होण्याचे किमान वजा कर, पहिल्याला दुसऱ्याने भाग, तीनने गुण आणि एक मिळव. किमान पास ४ धरला तर याचा ग्रेड येतो २.१. तोच ५ धरला तर २.३२. कित्येक मास्टर्सची अट २.५ किंवा त्याहून चांगला अशी असते, म्हणजे हा आत बसतो. पण पास किती गुणांना, याचं विद्यापीठाचं पत्र जोडलं नाही तर समोरचा काय धरेल त्याचा भरवसा नाही. हे पत्र आधी आणायला सांग.

एम-थ्रीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या पेपरची, एटीकेटी लपवायची का, असं त्याने तुला हळूच विचारलं म्हणे. अजिबात नाही. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस या जर्मन पडताळणी केंद्राचं प्रमाणपत्र लागतं, आणि एपीएसचं काम कागद खरे आहेत की नाहीत हे तपासणं हेच. नापास झालेल्या सेमिस्टरची मार्कशीटही जोड. एम-थ्रीत अडकलेला इंजिनिअर महाराष्ट्रात काय नवलाचा आहे?

नावाकडे बघितलंस का? तू पाठवलेल्या स्कॅनमध्ये मी बघितलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. हे चालतं, फक्त प्रत्येक अर्जात पासपोर्टवर आहे तसंच उतरवायचं. खरी भानगड वडिलांच्या नावाची आहे. डिग्रीवर त्यात एक इंग्रजी ए जास्त पडलाय. विद्यापीठाकडून दुरुस्ती करून आणायला वेळ लागतो, तेव्हा ते आजच सुरू करा. ज्या मुलांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो त्यांना तर पहिल्या भेटीतच पासपोर्ट बदलून घ्यायला लावत जा. अमेरिकेच्या व्हिसावर अशा मुलांचं अख्खं नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे नाव अज्ञात, अशी अक्षरं येतात. मग बँकेत, विमानतळावर, नोकरीत जन्मभर खुलासे करत बसा.

त्याचा एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध, वाचला. ‘लहानपणापासूनच मला यंत्रांचं विलक्षण आकर्षण होतं’ ही सुरुवात तुझी की त्याची, ते मी विचारत नाही. हे वाक्य सगळ्या फायलींत असतं आणि प्रवेश देणारा प्राध्यापक ते बघून पान उलटतो. पण खाली पाचव्या परिच्छेदात एक ओळ आहे, की वडील शिरोलीच्या फाउंड्रीत आहेत आणि हा सुट्टीत तिथे जायचा. बास एवढंच? मी त्याला फोन लावून विचारलं, काय करायचास रे तिथे? दहा मिनिटं थांबला नाही. वाळूत ओल जास्त राहिली की धातू ओतल्यावर वाफ कोंडते, कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतात, मशीनिंगला गेल्यावर ते उघडे पडतात आणि अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत येतो. पावसाळ्यात रिजेक्शन वाढतं हे याने वहीत लिहून काढलं होतं, रोजची वाळूची ओल आणि रोजचं रिजेक्शन, दोन रकाने. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा! आणि ती वही एसओपीत नाही. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात ओतकामाची स्वतंत्र संस्था आहे; तिथल्या माणसाला ही वही म्हणजे काय ते लगेच कळेल. तिथूनच सुरुवात करायची, त्याच्याच साध्या इंग्रजीत. तू वाक्यं सजवू नकोस. तुझं काम प्रश्न विचारायचं, उत्तरं त्याची.

अमेरिकेच्या मुलाखतीलाही हेच लागू. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत काचेपलीकडचा अधिकारी दोन-तीन मिनिटांत निर्णय घेतो आणि कायद्यानेच तो असं गृहीत धरून बसलेला असतो, की समोरचा परत येणार नाही. पाठ केलेलं उत्तर त्याला पहिल्या वाक्यात ओळखू येतं. काही क्लासवाले उत्तरांची पुस्तिका विकतात, ती मुलांच्या हाती लागू देऊ नकोस.

आता पैसे. बॉस म्हणतात काकांची एफडी दाखवून ब्रिटन करू. ते होणार नाही, आणि हे त्यांनाही माहीत असायला हवं. ब्रिटनला पैसे मुलाच्या स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात लागतात. आई-वडिलांच्या असतील तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र. काका कितीही जिवाभावाचे असले तरी कायदेशीर पालक नसतील तर ती एफडी कागदावर शून्य. सोनं, शेअर, शेती, काहीच मोजत नाहीत. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि राहण्याचा खर्च एवढी पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून राहिली पाहिजे, आणि तो २८वा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. सलग म्हणजे सलग. सतराव्या दिवशी वडिलांनी खतासाठी वीस हजार काढले आणि शिल्लक आकड्याखाली गेली, की परवा भरले तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अशा खात्याला एटीएम कार्डच नको, ईएमआय आणि वीजबिलही दुसरीकडे वळवायला सांग. पासबुकातली प्रत्येक तारीख तू स्वतः बोट ठेवून बघ.

जर्मनीचं गणित वेगळं आहे. तिथे मुलाच्या नावाने ब्लॉक्ड अकाउंट उघडायचं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो लागतात, आणि तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. पैसे आधी काकांनी वडिलांना दिले, हे तिथे अडत नाही. म्हणजे काकांची मदत जिथे खरंच उपयोगी पडते तिथे बॉस पाठवत नाहीत, आणि जिथे चालत नाही तिथे पाठवतायत.

कर्ज काढायचं झालं तर आणखी एक. वडील सातबारा घेऊन येतील. बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, कारण कर्ज थकलं तर सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली ती जप्त करता येत नाही. घर किंवा एनए प्लॉट मागतात. हे आधीच सांगितलंस तर त्या माणसाचे बँकेत चार हेलपाटे वाचतील. आणि ‘पार्ट टाइम करून फी भागते’ हे वाक्य ऑफिसात कोणी बोललं तर तिथल्या तिथे खोडून काढ. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना डिग्रीच्या मुलांना आठवड्याला २० तास काम करता येतं. त्यात पोट भागलं तरी नशीब.

२८ दिवसांपुरते पैसे खात्यात टाकून व्याज घेणारे लोक तुझ्यापर्यंत पोचतीलच. कार्डही ठेवून जातील. त्यांच्या नादी लागू नकोस, आणि अनुभवाचं खोटं पत्र ‘मॅनेज’ करून देणाऱ्यांच्याही. पकडलं गेलं तर ब्रिटन दहा वर्षं दार बंद करतं, कॅनडा पाच वर्षं, ऑस्ट्रेलिया तीन, आणि अमेरिकेची बंदी कायमची. शिक्षा एजंटाला नाही होत, मुलाला होते. २०२३ मध्ये कॅनडातलं पंजाबच्या मुलांचं प्रकरण आठवतं ना? एजंटाने दिलेली कॉलेजची प्रवेशपत्रं बनावट होती, आणि हे उघड झालं कधी, तर मुलं दुसरीकडे शिकून, नोकरीला लागून, कायम रहिवासाचा अर्ज करायला गेली तेव्हा. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र संस्थेकडून पडताळून घेतं. या सगळ्याचं मूळ एका सवयीत आहे, आणि ती तुमच्याही ऑफिसात असेल. मुलाच्या नावाने ईमेल उघडायचा आणि पासवर्ड आपल्याकडे ठेवायचा. विद्यापीठाचं पत्र मुलाला दिसतच नाही, आपण दाखवू तेवढंच दिसतं. तुझ्या टेबलावरच्या प्रत्येक फाइलचा ईमेल मुलाचा स्वतःचा असू दे, पासवर्ड त्याच्याकडे. तुला हवं तेव्हा तो शेजारी बसून उघडेल.

व्हिसा नाकारला गेला तर पत्र आधी तू पूर्ण वाच, मग घरी फोन कर. ‘नशीब’ हा शब्द काढू नकोस. नकाराला बहुतेकदा कारण लिहिलेलं असतं. ब्रिटनमध्ये अधिकाऱ्याची चूक असेल तर २८ दिवसांत फेरतपासणी मागता येते. जर्मनीने दूतावासाकडे फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केलीये, आता नवा अर्ज नाहीतर कोर्ट. तेव्हा तिथे पहिलाच अर्ज भक्कम हवा.

सोमवारी त्या मुलाला वडिलांना घेऊनच बोलाव. जर्मनीच्या कामाची फी किती ते एका कागदावर लिहून बॉससमोरच त्यांच्या हातात दे. बॉसही मग फार ताणणार नाहीत, फी मिळतेय म्हटल्यावर. एपीएसचा अर्ज लगेच टाका, डिग्रीवरच्या नावाची दुरुस्ती त्याच दिवशी. १५ जुलै ही जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांची हिवाळी सत्राची शेवटची तारीख असली तरी परदेशी मुलांसाठी बरेच कोर्स त्याच्या कितीतरी आधी बंद होतात, म्हणून प्रत्येक कोर्सची तारीख त्याच्याच संकेतस्थळावरून उतरवून घे. आणि ती ओल-रिजेक्शनची वही सोबत आणायला सांग. तिच्या दोन-तीन पानांचे फोटो मला पाठव, एसओपीचा नवा मसुदाही पाठव. रविवारी सकाळी निवांत बघते.

तुझी,
मॅडम